शिवणाऱ्याचे तुकडे शिवणाऱ्याला

टाचणीला टाचणी म्हणत, कारण तिच्या तोंडात कायम टाचण्या असत. खालच्या ओठावर ओळीने मांडलेल्या, माथी बाहेर, टोकं आत. हॉटेलच्या तळघरात, लाँड्रीच्या वाफेला चिकटून शिवणाची खोली होती. तिथे ती बसे, आणि वेटरांच्या पँटा आखूड करण्यापासून पाहुण्यांच्या खोल्यांचे पडदे शिवण्यापर्यंत सगळं तिच्याच मशीनखालून जाई. बोलायची ती टाचण्यांच्या फटीतून. 'हो'ला 'म्हं'. 'नाही'ला 'म्हंहं'. आणि 'सरळ उभा राहा, नाहीतर नको तिथे टोचेल' याला 'म्हं-म्हं-म्हंऽऽ'. ऐकणाऱ्याला बरोबर कळायचं आणि तो ताठ उभा राहायचा.

तिचा नवरा बसकंडक्टर. दिवसभर "पुढे सरका, पुढे रिकामं आहे" ओरडून घरी आला की त्याच्या घशात बोलण्याचा माल शिल्लक नसे. पण बायकोबद्दल एक वाक्य तो आल्यागेल्याला ऐकवायचा. "आमच्या हिच्या तोंडात टाचण्या असल्या की बिनघोर विश्वास ठेवावा. खोटं बोलायला माणसाला तोंड पूर्ण उघडावं लागतं."

आता तुकड्यांचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या तुकड्यांवरून झालं.

पडदे शिवले की कापड उरतं. कधी वीतभर, कधी दोन हात. हॉटेलचे जुने साहेब फार वर्षांपूर्वी एकदा खाली आले होते, कोपऱ्यातला चिंध्यांचा ढीग बघून म्हणाले होते, "शिवणाऱ्याचे तुकडे शिवणाऱ्याला. घेऊन जा, बाई. उंदरांना कशाला पोसायचं?" तेव्हापासून तो कायदा. कुठे लिहिलेला नाही, पण लाँड्रीतल्या पोरींपासून गेटवरच्या रखवालदारापर्यंत सगळ्यांना पाठ. टाचणी पिशवी उघडून दाखवायची, रखवालदार म्हणायचा, "तुकडे?" ती म्हणायची, "म्हं," की झालं.

आणि त्या तुकड्यांचं जायचं कुठे? निम्मे थोरल्या जावेकडे.

थोरली जाऊ मागच्याच गल्लीत राहायची. प्रत्येक वाक्याची सुरुवात करायची, "मी आपली काही बोलत नाही हो, पण..." आणि मग समोरचा घाम पुसेपर्यंत बोलायची. "मी आपली काही बोलत नाही हो, पण तुझ्या घरात वारा येत नाही." "मी आपली काही बोलत नाही हो, पण भाऊजींची तब्येत लग्नाआधी बरी होती." तिच्या सोफ्याची खोळ, उशांचे अभ्रे, टीव्हीवरचं झाकण, फ्रिजच्या दांड्याचा मोजासुद्धा टाचणीच्या तुकड्यांचा होता. लोकांना मात्र ती सांगायची, "मोठ्या दुकानातलं आहे. महाग पडतं, पण मला हलकं कापड अंगाला लागलं की पुरळ येतं." टाचणी समोर बसलेली असली तरी सांगायची. टाचणी गालातल्या गालात हसायची. आपलंच कापड, आपलीच शिवण, आणि आपल्यालाच त्याचं कौतुक ऐकवलं जातंय. चालायचंच. घरोघरी मातीच्या चुली, नि प्रत्येक चुलीपुढे एक जाऊ.

जुने साहेब गेले, नवे आले. नव्या साहेबांना सगळे 'आपणसाहेब' म्हणत. ते कुणाला 'तू' म्हणत नसत, 'तुम्ही' म्हणत नसत. सगळ्यात स्वतःला घुसवून 'आपण' म्हणत. "आपण आज उशिरा आलो का?" म्हणजे तू उशिरा आलास. "आपण हा कप फोडला का?" म्हणजे तू फोडलास. "आपला पगार कापू या" म्हणजे फक्त तुझा. बोलणं एवढं गोड, की माणूस बाहेर आल्यावर चाचपून बघायचा, आपल्याला नक्की काय लागलं ते.

हे आपणसाहेब एके दिवशी चक्क तळघरात उतरले.

"आपण शनिवारी संध्याकाळी मोकळे आहोत ना?"

टाचणीने मशीनचं चाक धरलं. "म्हं?"

"आपलं इटालियन रेस्टॉरंट सुरू होतंय. त्याआधी आपल्या माणसांना जेवायला बोलावतोय. आपल्यासारखी जुनी माणसं. घरच्यांना घेऊन या हं. आपण पाहुणे!"

आणि गेलेसुद्धा. टाचणी तशीच बसून राहिली. इतकी वर्षं ती या हॉटेलात मागच्या दाराने, कचऱ्याच्या डब्यांशेजारून आत येत होती. वरच्या मजल्यांवर कधी गेली तर शिडीवर चढून पडदा अडकवायला, तेही पाहुणे बाहेर गेल्यावर. तिने टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या आणि रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाली, "आपण पाहुणे!" नुसतं ऐकायला कसं वाटतं म्हणून.

घरी जायच्या आधी ती जावेकडे गेली. खरं तर न जाती तर पुढचं टळतं. पण माणसाला आनंद झाला की तो कुणाच्या तरी नाकावर टिच्चून सांगावासा वाटतो, आणि जावेच्या नाकाइतकं सोयीचं नाक दुसरं नव्हतं.

"साहेबांनी बोलावलंय, जाऊबाई. इतक्या वर्षांच्या कामाबद्दल. मानाने. तुम्ही आणि थोरले भाऊजीही चला."

"ह्यांचे दोन दात कालच काढलेत," जाऊ म्हणाली. "मी येईन. मी आपली काही बोलत नाही हो, पण अशा ठिकाणी नीट घालून यावं लागतं. ते तुझं राखाडी नको घालूस. त्यात तू लिफ्टवाल्यासारखी दिसतेस."

राखाडीखेरीज टाचणीकडे दुसरं काही नव्हतंच. जगाचे कपडे शिवणाऱ्याच्या अंगावर कायम जुनेर. पण तिच्या कपाटात तळाला एक घडी होती. वरच्या मोठ्या खोल्यांचे पडदे शिवले तेव्हा उरलेले तुकडे. शेवाळी रंगाचं जड कापड, त्यावर बारीक सोनेरी वेल. हे तुकडे तिने जावेला दाखवलेसुद्धा नव्हते. तिने ते जमिनीवर मांडले, गुडघ्यांवर रांगत खडूने आखले, वेलीला वेल जुळवली. जोड कुठे आहे ते तिलासुद्धा हाताने चाचपून शोधावं लागलं. शनिवारी तो ड्रेस घालून ती दारात उभी राहिली तेव्हा नवरा बूट बांधता बांधता थांबला.

"पुढे सरका," तो म्हणाला. "जरा उजेडात सरका. बघू दे."

एवढं बोलणं त्याच्यासाठी म्हणजे भाषण होतं.

जाऊ आली. वरून खाली पाहिलं, खालून वर पाहिलं, कापड दोन बोटांत धरून चुरलं. "कुठून आणलंस?"

"मोठ्या दुकानातून," टाचणी म्हणाली. आयुष्यात एकदा तरी तिला हे म्हणायचं होतं.

जावेचं तोंड कडू काकडी खाल्ल्यासारखं झालं, आणि टाचणीला वाटलं, बस्स, आज काहीही वाढलं तरी आपलं पोट भरलंय.

तिघं समोरच्या दाराने आत गेली. काचेचं दार, ते आपोआप उघडलं. लिफ्ट, गालिचा, मग रेस्टॉरंट. दाराशी वेटरांचा कॅप्टन उभा होता. पूर्वी कॉफीशॉपमध्ये होता, दरवर्षी पोट वाढलं की पँट सैल करायला टाचणीकडे यायचा. तो कमरेत वाकला. "वेलकम, मॅडम. आपलं टेबल इकडे." मॅडम! टाचणीला हसू आवरेना. ती आत शिरली आणि तिचं हसू तिथेच गोठलं.

समोरच्या अख्ख्या भिंतीवर, छतापासून जमिनीपर्यंत, तिचा ड्रेस लटकत होता.

शेवाळी. सोनेरी वेल. तिचेच पडदे. शिवताना तिला सांगितलं होतं, वरच्या खोल्यांसाठी. सजावटवाल्याने ऐनवेळी मन बदललं आणि पडदे इथे आणून लावले. तळघरात कोण कळवणार? रेस्टॉरंट इतके महिने प्लायवूडच्या आड होतं. आत डोकवायला बंदी.

आणि कॅप्टनने त्यांना टेबल दिलं ते नेमकं पडद्याशेजारी.

टाचणी खुर्चीत बसली मात्र, जाऊ मागे रेलली आणि डोळे बारीक करून पाहू लागली. एकदा पडद्याकडे, एकदा टाचणीकडे. मग तिच्या चेहऱ्यावर सकाळ उगवली.

"अगं बाई! तू कुठे संपतेस आणि भिंत कुठे सुरू होते, कळेना झालंय. भाऊजी, हिचा हात धरून बसा हो. हरवेल. मोठं दुकान म्हणजे हेच का गं?"

नवऱ्याने पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

टेबलावर मधोमध एक चिठ्ठी होती. जावेने ती उचलून मोठ्याने वाचली. "'या टेबलाने तक्रार करणाऱ्या पाहुण्यांची भूमिका करावी. एक पदार्थ परत पाठवावा व साहेबांना बोलावण्याचा आग्रह धरावा.' हे काय गं?"

कॅप्टन खाली वाकून पुटपुटला, "तालीम आहे, बाई. उद्यापासून खरे पाहुणे येणार. आज घरच्या लोकांवर हात साफ करायचाय. त्या टेबलाला लिहिलंय, ग्लास सांडा. तिकडे त्या ड्रायव्हरच्या बायकोला चक्कर आणायचीय." मग सरळ उभा राहून, वेगळ्याच आवाजात, "सूप घेणार, मॅडम?"

मान कसला नि पाहुणे कसले. पँट बेतायला जसा लाकडी पुतळा उभा करतात, तसं त्यांना बसवलं होतं. टाचणीला उठून जावंसं वाटलं. पण नवरा शेजारी होता, जाऊ समोर होती, आणि सूप गरम होतं. तिने खाली मान घालून प्यायला सुरुवात केली. अर्धं झालं नसेल तोच बशी उचलली गेली. "उचलायची पण प्रॅक्टिस आहे," कॅप्टन म्हणाला. ब्रेडचा तुकडा मोडला, टोपली गेली. नवऱ्याने मात्र बशीवर हात ठेवला. बसमध्ये सुट्ट्या पैशांची पिशवी धरतो तसा.

मग पास्ता आला. पांढरं, लांब, गुंतलेलं. टाचणीला वाटलं, कुणीतरी अख्खं रीळ उसवून उकळलंय. तिने काट्याला गुंडाळून एक घास खाल्ला. चांगला होता. खरंच चांगला होता. दुसरा घास गुंडाळते तोच जावेने हात वर केला.

"ओ मिस्टर! हे कच्चं आहे!"

"मॅडम, हे इटलीत असंच जरा..."

"मला इटली नका सांगू! दाताखाली करकरतंय. आमच्या ह्यांचे दोन दात नुकतेच गेलेत, माझेही घालवता का? बोलवा साहेबांना!"

आसपासची टेबलं वळून बघू लागली. लाँड्रीतल्या पोरी तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. जावेला अशी भूमिका म्हणजे माशाला पोहायला लावणं. तिने नॅपकीन आपटला, खुर्ची मागे सारली. कुणीतरी टाळी वाजवली.

आपणसाहेब आले. हात जोडलेले, चेहऱ्यावर तालमीतलं हसू. "आपली काही तक्रार आहे का, मॅडम?" असं म्हणता म्हणता त्यांची नजर टाचणीवर गेली. मग पडद्यावर. मग पुन्हा टाचणीवर. हसू जागेवरच राहिलं, पण त्याच्यामागचा माणूस बदलला.

"आपण हे कापड कुठून घेतलं?"

"तुकडे आहेत, साहेब," टाचणी उठून उभी राहिली. "पडद्यांतले उरलेले."

"आपण हॉटेलचं कापड घरी नेतो का?"

"जुन्या साहेबांनी सांगितलं होतं. शिवणाऱ्याचे तुकडे..."

"असं आपल्याकडे कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही, साहेब. पण सगळ्यांना माहीत आहे. विचारा ना कुणालाही." तिचा आवाज चढला. "मी चोर नाही, साहेब! इतकी वर्षं सुईसुद्धा मोजून परत ठेवलीय मी!"

आणि पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं, "वा! टाचणीबाई, वा!"

सगळं रेस्टॉरंट हसलं. लोकांना वाटलं, चिठ्ठीतलंच चाललंय. ड्रायव्हरची बायको चक्कर सोडून उठून बसली आणि टाळ्या वाजवू लागली. "काय भांडते हो! अगदी खरं वाटतंय!" लाँड्रीतली एक पोर शिट्टी वाजवायला निघाली होती.

टाचणीने कॅप्टनकडे पाहिलं. त्याच्या घरच्या खिडकीला तुकड्यांचेच पडदे होते. कॅप्टन पाण्याच्या जगकडे बघत होता, जणू त्यात मासे पोहत होते.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो उभा राहिला, तोंड उघडलं, "साहेब, ही..." एवढंच म्हणाला आणि अडकला. पुढे सरकेना.

मग तिने जावेकडे पाहिलं. एक वाक्य. 'अहो साहेब, माझ्या घरचा सोफा बघा, वर्षानुवर्षं हिचे तुकडे येतात, सगळ्यांना ठाऊक आहे.' एवढं वाक्य जावेने टाकलं असतं तर संपलं असतं. पण ते टाकायचं तर मोठं दुकान बंद करावं लागलं असतं. जावेने नॅपकीनची घडी केली. उलगडली. पुन्हा केली. जन्मभर 'मी आपली काही बोलत नाही' म्हणून दिवस दिवस बोललेली बाई त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर काही बोलली नाही.

टाचणीच्या ओठावर जावेचं नाव आलं होतं. तिने ते गिळलं. का गिळलं ते तिला नंतरही सांगता आलं नाही. टाचण्या गिळू नयेत याची एवढी सवय, आणि नेमकं हे गिळलं.

"आपण सोमवारी बोलू," साहेब गोड आवाजात म्हणाले आणि सगळ्यांकडे वळून हात पसरले. "आपल्या आजच्या सर्वोत्तम पाहुण्या!" बक्षिसाची टोपली जावेच्या हातात गेली. चीज, बिस्किटं, जैतुनाचं तेल, लाल रिबीन. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. गोड पदार्थ आला तेव्हा टाचणी खाली बसलीसुद्धा नाही. नवऱ्याने या वेळी आपली बशी स्वतःच पुढे सरकवली.

परत येताना जाऊ टोपली सांभाळत म्हणाली, "मी आपली काही बोलत नाही हो..." आणि टाचणीने तिच्याकडे असं पाहिलं, की वाक्य तिथेच संपलं.

घरी आल्यावर टाचणीने ड्रेस उतरवला आणि मोठी कात्री घेतली. वेलीला वेल जुळवताना जेवढी काळजी घेतली होती तेवढीच आता न जुळवताना घेतली. पट्ट्या कापल्या, पीळ दिला, गोल शिवलं. सकाळी दारात नवं पायपुसणं होतं. नवरा त्याच्यावरून उडी मारून बाहेर पडला. "पाय दे," ती म्हणाली. "त्यासाठीच आहे." तो उभाच राहिला, मग बुटाचं टोक कसंबसं टेकवलं.

सोमवारी साहेबांनी नियम केला. आपले सगळे तुकडे कचऱ्यात. तिला वाटलं होतं, चौकशी होईल, रखवालदाराला विचारतील, लाँड्रीला विचारतील, मग कुणीतरी म्हणेल की बाई, तुमचं बरोबर होतं. चौकशी झालीच नाही. आळही घेतला नाही आणि पुसलाही नाही. तो नुसता तिच्या अंगावर टाचून ठेवला. गेटवर रखवालदार आता पिशवीत हात घालून बघायचा. "नियम आहे, बाई," तो म्हणायचा. "मला काय, मला माहीतच आहे." माहीत असणाऱ्यांची तर रांग लागली होती.

रेस्टॉरंट जोरात चाललं. मग कुणा पाहुण्याने मेणबत्ती पडद्याजवळ सरकवली आणि पडद्याला भोक पडलं. चांगलं बशीएवढं, आणि नेमकं नजरेसमोर. गिरणीत ते कापड निघणं बंद झालं होतं. आपणसाहेब दुसऱ्यांदा तळघरात उतरले.

"आपल्याकडे ते कापड असेल ना?" त्यांचा आवाज मधात बुडवून काढलेला. "आपला तो ड्रेस?"

टाचणीच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने मशीन थांबवलं आणि वाट पाहिली. फार काही नको होतं तिला. त्या दिवशी चुकलं, एवढं एक वाक्य. ते आलं असतं तर ती घरी धावत गेली असती, पायपुसणं उसवून, धुऊन, इस्त्री करून, भोक असं बुजवलं असतं की खुद्द गिरणीवाल्यालासुद्धा सापडलं नसतं. साहेब घड्याळाकडे बघत होते.

"असेल ना? आपली अडचण समजून घ्या."

तिने एकेक टाचणी ओठातून काढली आणि उशीत खोचली. सगळ्या. मग तोंड पूर्ण उघडून, स्वच्छ, मोकळ्या आवाजात म्हणाली, "कचऱ्यात टाकला, साहेब. आपला नियम आहे."

त्या भोकापुढे आता कुंडी ठेवलीय. आणि शिवणकाम बाहेर द्यायचं ठरलं. "आपण आता बाहेरून करून घेतोय," साहेब म्हणाले, आणि यातलं 'आपण' कोण नि 'बाहेर' कोण, हे टाचणीला लगेच कळलं. शेवटच्या दिवशी निघताना गेटवर तिची पिशवी तपासली. आत चष्मा, डबा आणि टाचण्यांची उशी. उशी हॉटेलची का तिची, यावर रखवालदार थोडा घोटाळला, मग त्याने परत दिली.

थोरली जाऊ बऱ्याच दिवसांनी आली. बक्षिसाचं जैतुनाचं तेल डोक्याला लावलेलं, वास दारापासूनच. उंबऱ्याशी थांबली, खाली पाहिलं. शेवाळी, सोनेरी. ओळखलं तर होतंच. टाचणी आत बसून नवऱ्याच्या शर्टाचं बटण लावत होती, तोंडात टाचण्या. तिला वाटलं, आता काहीतरी बोलेल ही. चुकलं म्हणेल, रडेल, निदान पाय न देता बाजूने येईल.

जावेने चप्पल काढली. आधी उजवा पाय पुसला, मग डावा, टाचा घोळवून घोळवून.

"मी आपली काही बोलत नाही हो," ती म्हणाली, "पण हे छान झालंय. जाड आहे. मला पण एक दे ना करून."

टाचणी उठली. जावेच्या पायाखालून पायपुसणं ओढलं, झटकलं, गुंडाळी केली आणि तिच्या हातात ठेवलं.

"अगं, हेच कशाला? वापरलेलं..."

"म्हं," टाचणी म्हणाली.

आणि जावेने ते घेतलं. काखेत मारलं आणि घेऊन गेली. आता तिच्या दारात असतं. मोठ्या दुकानातलं.